पेटीले की आवाजाले?

महाराष्ट्राबाहेरची मराठी म्हटली की आम्हा गोवेकरांना आधी आपली स्वतःचीच आठवण होते. फार तर बेळगाव, बडोदे, इंदूर. पांढुर्णा आणि सौंसर ही नावे सहसा कुणाच्या ओठांवर येत नाहीत. नागपूरहून उत्तरेकडे निघाले की संत्र्याच्या बागा लागतात, दुकानांवरच्या पाट्या हिंदीत दिसू लागतात. पण दुकानात शिरलात तर समोरचा माणूस तुमच्याशी मराठीतच बोलतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात आले आणि हा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. परवापरवापर्यंत ही दोन्ही गावे छिंदवाडा जिल्ह्यात होती. २०२३ साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेले.

बाहेरच्यांना पांढुर्णा माहीत असते ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे. मला ते गाव आठवते ते एका लाकडी पेटीमुळे.

१९८४ ते १९८७ ही तीन वर्षे मी तिथे बँकेच्या नोकरीत काढली. लग्न झालेले नव्हते. संध्याकाळी करण्यासारखे काही नाही. नागपूर आकाशवाणी ऐकायची आणि झोपायचे. गोव्याहून येताना नाट्यसंगीताच्या कॅसेटी आणल्या होत्या, पण त्या वाजवायला होता एक छोटा टेपरेकॉर्डर, ज्याच्यातून तंबोरा म्हणजे मधमाश्या गुणगुणल्यासारखा यायचा. मुंबईत बनणारे स्टिरिओ ॲम्प्लिफायर तेव्हा जाहिरातींत दिसत. त्यांची किंमत माझ्या दोन पगारांच्या वर जायची. परदेशी वस्तू तर आयातीच्या निर्बंधांमुळे नुसत्या ऐकायच्या. आखातात कुणी नातेवाईक असला तर गोष्ट वेगळी, आणि माझा तेव्हा कुणी नव्हता.

बँकेतल्या शिपायाने मला बाजारातल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात नेले. दुकान म्हणजे सहा बाय आठची खोली. भिंतीवर उघडे पडलेले रेडिओ, खाली लग्नात वाजणारे भोंग्यांचे ॲम्प्लिफायर, आणि मध्ये चाळिशी ओलांडलेला, डोळ्यांवर जाड चष्मा असलेला माणूस. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही म्हणू लागलो. तरुणपणी नागपूरच्या एका दुकानात काम करून ते ही विद्या शिकले होते. मासिकांतून फाडलेली सर्किटे त्यांनी एका फायलीत चिकटवून ठेवली होती.

मी जाहिरातीतले चित्र दाखवले. चकाकता ॲल्युमिनियमचा दर्शनी भाग, हलणारे काटे, निळे दिवे. भाऊंनी ते चष्मा वर करून पाहिले आणि विचारले, "साहेब, तुम्ही पैसे पेटीले देता का आवाजाले?"

मी म्हटले, आवाजाला. (तेव्हा तरी तसेच वाटत होते.)

"मंग मी बनवून देतो. सातशे लागतीन."

मी साडेसहाशे म्हटले. बँकेचा माणूस, घासाघीस केल्याशिवाय पैसे सुटले तर चुकल्यासारखे वाटते. भाऊ थोडा वेळ गप्प राहिले आणि "चालते" म्हणाले.

अकरा दिवस लागले. दुकान बंद झाल्यावर रात्री ते काम करायचे, मी स्टुलावर बसून पाहायचो. नागपूरच्या बर्डीवरून आणलेले सुटे भाग, मापे सांगून गुंडाळून घेतलेला ट्रान्सफॉर्मर, टूएन ३०५५ नावाचे पोलादी टोपीचे चार ट्रान्झिस्टर. हा ट्रान्झिस्टर साठच्या दशकात अमेरिकेत आला आणि पुढे जगभर इतका बनला, की खेड्यातल्या भोंग्यापासून घरातल्या स्टिरिओपर्यंत सगळीकडे तोच. सागवानी पेटी शेजारच्या सुताराने केली. एका बाजूला वीसेक वॅट.

पहिल्या रात्री काय लावायचे? मी 'कट्यार काळजात घुसली'ची कॅसेट दिली. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, खाँसाहेब गाणारे वसंतराव देशपांडे विदर्भातले आणि संगीत आमच्या मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचे. वसंतरावांची तान सुटली आणि भाऊंनी हातातला सोल्डरिंगचा डाग खाली ठेवला. तंबोऱ्याच्या चारही तारा मला वेगवेगळ्या ऐकू आल्या. गोवा सोडल्यापासून पहिल्यांदाच मला घरी असल्यासारखे वाटले.

१९८७ मध्ये गोवा राज्य झाले, त्याच वर्षी माझी बदली पणजीला झाली. पेटी सोबत आली. आणि आता जे सांगायचे आहे ते सांगताना मला अजून संकोच वाटतो. लग्नानंतर मेहुणा बहारीनला गेला आणि त्याने एक चकाकता परदेशी संच आणला. त्यावर ठळक अक्षरांत हजार वॅट पीएमपीओ असे लिहिलेले. आपल्याकडे त्या काळी ज्यांच्या घरी आखातातला माणूस होता, त्यांच्या दिवाणखान्यात असा एक संच असायचाच; त्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर फुलदाणी. पीएमपीओ हा आकडा म्हणजे शुद्ध धूळफेक. निमिषभर कसाबसा निघेल असा काल्पनिक जोर मोजायचा, सगळ्या भोंग्यांची बेरीज करायची आणि खोक्यावर छापायचा. खरी ताकद बहुधा माझ्या पेटीहून कमीच असावी. पण पाहुणे आले की ओसरीवरून दिसायचे ते निळे दिवे. पाहुण्यांपुढे भाऊंच्या पेटीवर मी आधी पडदा ओढू लागलो आणि एक दिवस तिला माळ्यावर टाकले. सहा वर्षांनी तो संच बंद पडला. आतला एक मोठा आयसी गेला होता, तो कुठे मिळाला नाही. पेटी तरी माळ्यावरच राहिली.

ती खाली आली २०२० च्या टाळेबंदीत. मोठी कपॅसिटर बदलून घेतली, खरखरणारे बटण साफ केले. वाजली. थोडी घुरघुर होती, पण वाजली.

गेल्या वर्षी सौंसरहून फोन आला. पांढुर्ण्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याने माझा नंबर दिला होता. भाऊंच्या मुलीचा मुलगा. भाऊ २०११ मध्ये गेले हे मला त्या फोनवर कळले. मुलीला सौंसरला दिलेली. नातू आयटीआय करून जवळच्या एका कारखान्यात देखभालीचे काम करतो. पगार बावीस हजार.

"आजोबा, मले ॲम्प घ्याचा हाय. नागपूरले एक आयकला. एक लाख चाळीस हजारचा हाय, हप्त्यावर भेटते. घेऊ का?"

सहा महिन्यांहून अधिक पगार. मी त्याला एवढेच विचारले, की दुकानात तो कुठल्या स्पीकरवर ऐकला? स्पीकर तीन लाखांचे होते. खोली? भिंतींना जाड गाद्या, खाली गालिचा. म्हटले, बाबा, तू जो ऐकलास तो ॲम्प्लिफायर नव्हता. ते स्पीकर होते आणि ती खोली होती. थांब, मी येतो. पत्नीला जामसावळीच्या हनुमानाला जायचे होतेच. नागपूरपर्यंत रेल्वेने आणि पुढे मोटारीने आम्ही सौंसरला पोहोचलो. पेटी माझ्या मांडीवर.

वाचकहो, नव्याने ही वस्तू घेणाऱ्याला मी जे त्या मुलाला सांगितले ते इथेही सांगतो, कारण हा प्रश्न आता गोव्यातही अनेक तरुण विचारतात.

ॲम्प्लिफायरचे काम एकच: आलेला सूर, त्यात स्वतःचे काही न मिसळता, मोठा करणे. हे काम उत्तम कसे करायचे हे माणसाला फार पूर्वीच कळले. १९४७ साली, आपला देश स्वतंत्र होत असताना, विल्यमसन नावाच्या इंजिनिअरने इंग्लंडच्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात आपल्या व्हॉल्व ॲम्प्लिफायरची रचना सगळ्यांसाठी छापली आणि जगभरच्या हौशी माणसांनी ती घरी बनवली. १९५९ मध्ये अमेरिकेत डायनाको कंपनीने स्टिरिओ ७० हा ॲम्प्लिफायर सुट्या भागांच्या स्वरूपात शंभर डॉलरच्या आत विकला. जोडणी गिऱ्हाइकाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर करायची. १९७८ मध्ये एनएडी कंपनीचा ३०२० आला. साधी राखाडी पेटी, फक्त वीस वॅट, आणि आवाज असा की महागडे त्याच्यापुढे ओशाळावेत. तिघांची युक्ती एकच. शोभेवर खर्च नाही.

मग लाख-दीड लाख जातात कुठे? जाड ॲल्युमिनियमची पेटी, भारी ट्रान्सफॉर्मर, उष्णता बाहेर टाकणारे पंखे-पत्रे. आवाज घडवणाऱ्या चिमुकल्या भागांपेक्षा या तिघांचे वजन आणि किंमत जास्त. त्यावर कंपनीचा नफा, जहाजभाडे, आयात शुल्क, वितरकाचा वाटा, दुकानदाराचा वाटा. वर्षाला काही शेच नग बनणार असतील तर संशोधनाचा सगळा खर्च तेवढ्यांवरच बसतो. यात प्रत्येक वेळी फसवणूकच असते असे नव्हे. पण हा पैसा आवाजाला गेला असे समजू नये. जपानच्या ४७ लॅब्जने १९९९ च्या सुमारास गेनकार्ड नावाचा ॲम्प्लिफायर काढला, वीजपुरवठ्याच्या पेटीसह हजारो डॉलरचा. लोकांनी झाकण उघडून पाहिले तर आत प्रत्येक बाजूला काही डॉलरचा एक आयसी आणि मोजके सुटे भाग. आवाज मात्र खरोखर चांगला! मग जगभर लोकांनी त्याच जातीच्या आयसींवर घरी ॲम्प्लिफायर बनवायला सुरुवात केली. त्यातला एलएम ३८८६ हा आजही हौशी लोकांचा लाडका आहे. फक्त नकली माल फार, म्हणून खात्रीच्या दुकानातूनच घ्यावा.

दुसरे, वॅटांचे. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. साध्या घरच्या खोलीत, बऱ्यापैकी स्पीकर असतील तर, गाणे ऐकताना बहुतेक वेळ एक-दोन वॅटच खर्ची पडतात. बाकीचे तबल्याच्या थापेसाठी, तानेच्या टोकासाठी राखीव. वीस-तीस प्रामाणिक वॅट पुष्कळ झाले.

तिसरे म्हणजे, आता डी वर्गाचे ॲम्प्लिफायर आले आहेत. ते क्षणाक्षणाला चालू-बंद होत काम करतात, त्यामुळे वीज उष्णतेत फारशी वाया जात नाही. वाया जात नाही म्हणून पत्रे लहान, तांबे कमी, पेटी हातावर मावेल एवढी. २००५ च्या आसपास ट्रायपाथ कंपनीच्या आयसीवर बनलेल्या, चाळीसेक डॉलरच्या एका प्लास्टिकच्या डबीने भल्याभल्या समीक्षकांना चकित केले होते. कंपनी पुढे दिवाळ्यात गेली, पण वाट दाखवून गेली. आज आठ-दहा हजारांत मिळणाऱ्या लहान पेट्या त्याच वाटेवरच्या आहेत.

मुलाच्या मित्राकडे अशी एक नऊ हजारांची पेटी होती. ती आणली. शेजारी भाऊंची पेटी. स्पीकर तेच, मध्ये बेडशीटचा पडदा. मल्टिमीटर लावून दोन्हींचा आवाज अगदी समान केला. ही पायरी महत्त्वाची, कारण जो किंचित मोठा तो कानाला नेहमी गोड वाटतो. १९८७ साली अमेरिकेच्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने अशीच चाचणी घेतली होती. शे-दोनशे डॉलरच्या साध्या यंत्रापासून हजारो डॉलरच्या व्हॉल्वपर्यंत सगळे पडद्याआड ठेवले, तेव्हा फरक ऐकू येतो असे छातीठोक सांगणाऱ्यांनाही तो खात्रीने ओळखता आला नव्हता. आमचेही तसेच झाले. गाणे चालू असताना मी, तो मुलगा आणि त्याची आई, तिघांचेही अंदाज चुकत राहिले. गाणे थांबले की मात्र भाऊंची पेटी लगेच ओळखू यायची, तिच्या घुरघुरीमुळे. मुलाची आई हसून म्हणाली, "बाबाही असेच घुरघुरायचे जी."

अर्थात महागड्या यंत्राला अर्थच नाही असे मी म्हणत नाही. मोठा हॉल असेल, वीज पिणारे जड स्पीकर असतील, तर दणकट ॲम्प्लिफायर लागतो. दुरुस्तीची हमी, वीस वर्षे टिकणारी बांधणी, यांनाही किंमत आहे. पण पहिल्यांदा घेणाऱ्याने आधी स्पीकरवर पैसे टाकावेत, मग खोलीत एखादी सतरंजी आणि पुस्तकांचे कपाट आणावे, आणि उरलेल्या पैशांत ॲम्प्लिफायर घ्यावा. जुना घेतलात तरी बिघडत नाही. कपॅसिटर बदलून घ्या म्हणजे झाले.

एवढे ज्ञान पाजळून मी खुशीत होतो. तेवढ्यात मुलाच्या आईने आतून एक वही आणली. भाऊंनी बनवलेल्या प्रत्येक यंत्राचा हिशेब तिच्यात होता. एका पानावर 'गोवेवाले साहेब' असे लिहिलेले. खाली भाऊंच्या अक्षरात: ट्रान्सफॉर्मर १४०, ट्रान्झिस्टर ७२, कपॅसिटर ९०, पट्टी व बारीक सामान ११०, पत्रे ४५, पेटी ८५, बटणे-सॉकेट ५८. एकूण ६००. आले ६५०. मजुरी ५०.

अकरा रात्री. पन्नास रुपये. मी जे पन्नास कमी केले होते, ते ट्रान्सफॉर्मरमधून नव्हते गेले, पेटीतूनही नव्हते. ते सगळेच्या सगळे मजुरीतून गेले होते. मजुरी बरोबर निम्मी झाली होती.

चाळीस वर्षे मी लोकांना सांगत आलो, की पांढुर्ण्यात मला उत्तम आवाज स्वस्तात मिळाला. तो स्वस्त कसा झाला हे त्या पानावर होते. वस्तू दोन तऱ्हांनी स्वस्त होते. कुणीतरी डोके चालवून तांबे वाचवते, शोभा काढून टाकते, सर्किट सगळ्यांना खुले करते. ती स्वस्ताई सगळ्यांच्याच फायद्याची. दुसरी अशी, की बनवणाऱ्याचे दिवस हिशेबातच धरायचे नाहीत. भाऊंनी पहिल्या तऱ्हेने आपले काम चोख केले होते. दुसरी तऱ्हा माझी.

मी भाऊंची पेटी त्या मुलापुढे सरकवली. म्हटले, ही तुझी. त्याने मान हलवली. "तुमच्याजवळच राहू द्या. मी फोटो काढून घेतो." झाकण उघडून त्याने मोबाइलने आतले सगळे टिपून घेतले. आजोबांची सोल्डरिंग पाहताना तो बराच वेळ काही बोलला नाही.

लाख-चाळीसचा बेत त्याने सोडला आहे. आधी स्पीकर घेणार. ॲम्प्लिफायर स्वतःच बनवणार, एलएम ३८८६ वर, फ्यूज आणि अर्थिंग नीट घालून. मी म्हटले, एक माझ्यासाठीही बनव. पण वहीत नवे पान घाल आणि मजुरीचा रकाना आधी भर, सामानाचा नंतर. तो गोंधळला. कारखान्यात त्याचा रोज ठरलेला आहे, पण रात्री टेबलावर बसून आवाज बनवण्याचा रोज किती, हे त्याला कुणी सांगितलेले नव्हते. पेन्सिल कानामागून काढली, परत ठेवली, आईकडे पाहिले. शेवटी एक आकडा लिहून वही माझ्याकडे फिरवली.

खरे सांगतो, मला तो जरा जास्त वाटला. मी काही बोललो नाही.